वाढत्या मापाची गाडी

नाशिकला गंगापूर रोडवर माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे दोन शिलाई मशिनी आणि मधे गळ्यात टेप अडकवलेला मी. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आयांची झुंबड उडते आणि प्रत्येक आई पोराला माझ्यापुढे उभं करून तेच म्हणते, "भाऊ, वाढत्या मापाचं शिवा." मग मी पँट चार बोटं लांब कापतो, जास्तीचं कापड आतून दुमडून टाके घालतो आणि पुढच्या वर्षी पोरगं वाढलं की दुमड सोडून देतो. दुमड सोडली की खाली एक गडद पट्टा दिसतो. तेवढं कापड आत असल्यामुळे विटलेलं नसतं, नव्यासारखं असतं.

माझी आई कुसाबाई याच पंथाची. लहानपणी माझे सगळे कपडे वाढत्या मापाचे असायचे. फक्त मी वाढलो नाही. नववीत घेतलेली पँट मी लग्न ठरेपर्यंत वापरली आणि तिची दुमड सोडायची वेळ काही आली नाही. माझी खरी उंची पाच फूट दोन इंच. टेप माझ्याच गळ्यात असल्यामुळे लोकांना मी पाच फूट चार सांगतो.

आणि देवाने मला बायको दिली पाच फूट सातची. योगिनीला बघायला आम्ही सटाण्याजवळच्या तिच्या गावी गेलो, तेव्हा ती पोह्यांची ताटली घेऊन वाकून आली, वाकूनच बसली आणि आम्ही निघेपर्यंत उठली नाही. मीही उठलो नाही. दोन्हीकडच्या मंडळींना सगळं दिसत होतं, पण कोणी काही बोललं नाही. लग्नात माझ्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले होते. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि वरचा पाट हलला. पुढची सगळी कडवी मी अंतरपाटाला धरून उभा होतो. लोकांना वाटलं, नवरदेव उतावीळ झालाय.

माझे सासरे भिमाजी. कांद्याची शेती, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधाला निरोप जावा. लग्नाच्या मांडवातच त्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पाव्हना सोनाना शे, पन जरासा आखूड पडना!" अख्खा मांडव हसला. मीही हसलो. नवरदेवाला दुसरं काय करता येतं?

हे एकदा झालं असतं तर मी विसरलो असतो. पण आमच्या सासुरवाडीला आखाजी असते. अक्षय्य तृतीयेला बागलाणात, म्हणजे सटाण्याकडे, आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, मांडे आणि आमरस होतो. जावयाचाही मान असतो. माझा मान म्हणजे ओट्यावरची एक बाज. तिच्या पायांखाली भिमाजीमामांनी विटा लावून ठेवल्यात, त्यामुळे तिच्यावर बसलं की माझे पाय लोंबतात. मी लोंबत्या पायांनी आमरस खात असतो आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्याला ते सोन्याचं आणि आखूडचं वाक्य ऐकवत असतात. गेली वीस वर्षं त्यात एका शब्दाचा बदल झालेला नाही.

त्यामुळे सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात जे शिरलं, त्याला मी एकटा जबाबदार नाही. मोबाइलवर मला बर्फातून, नदीतून, दगडगोट्यांतून मोटारसायकली नेणारी माणसं दिसायला लागली. त्या गाड्याही कशा? चाकं मोठी, नाक वर, सीट एवढं उंच की त्यावर बसलेला कोणीही माणूस ऐटबाज दिसावा. डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला मारायचा आणि रस्ता संपला की कच्च्यातूनही जायचं, अशा दोन्ही कामांच्या या गाड्या. मला ना बर्फात जायचं होतं ना नदीत. मला त्या गाडीवरून आखाजीला सासुरवाडीच्या दारात जायचं होतं आणि भिमाजीमामांनी एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे मान वर करून बघायला हवं होतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीची काही चूक नव्हती. नवी गाडी परवडणारी नव्हतीच, म्हणून जुनी शोधली आणि ती सापडली मालेगावात.

सोबत रोहितला घेतलं. माझ्या शेजारी त्याचं मोबाइल कव्हरचं दुकान. उंची सहा फूट, आणि गाड्यांबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतूनच आलेलं. वाटेत तो मला बजावत होता, "कुंदनभाऊ, तुम्ही काही बोलू नका. चेन बघायची, टायर बघायचं, धूर बघायचा. मी बघतो."

गाडीचे मालक रहेमानभाई. त्यांचे यंत्रमाग. मागांच्या शेडबाहेर, ओट्याला लागूनच गाडी उभी केलेली होती, धुऊनपुसून. रहेमानभाई शिडीसारखे उंच आणि बोलायला एकदम मोकळे. "काश्मीर जानेका था, म्हणून घेतली," ते म्हणाले. "धुळ्यापर्यंत गेलो. कमर बोली, रहेमान, बस हो गया. बायको म्हणते, विकून टाका, नाहीतर तिच्यावर कपडे वाळत घालीन."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा त्यांनी हात पुढे करून माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली तेव्हा झाला. "ये माल इचलकरंजी का है," ते म्हणाले. मी म्हणालो, नाही, मालेगावचाच आहे. ते म्हणाले, शक्यच नाही, आमचं सूत असं नसतं. मी म्हणालो, मी कापडात जन्म काढलाय. ते म्हणाले, और मैं? बस, मग काय विचारता! आम्ही दोघं शेडमध्ये शिरलो. खडखडाटात ओरडून ओरडून आम्ही ताणा, बाणा, कांजी, पन्ना असं सगळं बोललो. मी कापड उजेडात धरून पाहिलं, धागा जिभेवर ठेवून पाहिला, एक जाडसर सुती कापड तर मुठीत चुरगळून सुरकुती किती पडते तेसुद्धा तपासलं. रहेमानभाईंनी खूश होऊन त्याचा तागाच माझ्या हातात ठेवला. "गाडी के साथ. इसका जाकीट सिलाओ."

बाहेर आलो तेव्हा रोहित गाडीचे फोटो काढून काढून थकला होता. "भाऊ, बसून तर बघा," तो म्हणाला. मी ओट्यावरून टांग टाकली आणि बसलो. डावा पाय टेकला, अगदी अख्खा टेकला. ओट्यावर. उजवा मी फूटरेस्टवर ठेवला होता, कारण फोटोत तसंच असतं.

"चलाके देखो, कुंदनशेठ," रहेमानभाई म्हणाले. "बगैर चलाए गाडी नहीं लेते. एक चक्कर मारा."

"नको, बघूनच कळतं," मी म्हणालो. शर्ट बघून सूत ओळखणाऱ्या माणसाला शोभेल अशा सुरात म्हणालो. रोज चाळीस पोरांच्या पायांची आतली मापं घेणारा मी. कंबरेपासून नाही, जांघेपासून टाचेपर्यंत टेप लावणारा मी. आणि आयुष्यातली सगळ्यात उंच वस्तू विकत घेताना माझ्या पायांना टेप लावायचं मला सुचलं नाही. टेप खिशात होता. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, मोजून झाल्यावर मीच तो गुंडाळून ठेवला होता.

गाडी नाशिकपर्यंत रोहितने चालवली. मी मागे, मांडीवर तागा घेऊन.

आमच्या गल्लीत पोचलो तर योगिनीने औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. तिने गाडीला हळदीकुंकू लावलं, हार घातला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीतले सगळे जमले. आता मालकाने गाडी लिंबांवरून न्यायची, एवढंच बाकी होतं. रोहित उतरला आणि मला हाताने खूण केली. इथे ओटा नव्हता. मी पाय जमेल तेवढा वर उचलून, एखादं कुंपण ओलांडावं तसा गाडीवर चढलो. चढलो आणि मला कळलं की खाली जमीन नाही. म्हणजे होती, पण माझ्या हद्दीत नव्हती. डाव्या पायाचा अंगठा तिला जेमतेम लागत होता. उजवा पाय हवेत पोहत होता.

मी स्टँड काढलं. गाडी क्षणभर सरळ उभी राहिली, मग तिने उजवीकडे जायचं ठरवलं. झटकन पडलो असतो तर निदान अपघात तरी म्हणता आला असता. आम्ही दोघं अगदी सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेताने आडवे झालो. लिंबं शाबूत राहिली. हार माझ्या गळ्यात आला.

रोहित "भाऊ, भाऊ" करत पुढे धावला, त्याने हँडल धरून ओढलं, पण गाडी हलेना. तेवढ्यात योगिनीने ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि गाडीकडे चक्क पाठ केली. एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने मागची दांडी, गुडघ्यात वाकली आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत गाडी उभी केली. पायाने स्टँड लावलं. परत ताट हातात घेतलं आणि माझं औक्षण केलं.

"हे कुठे शिकलीस?" मी कोपराला फुंकर घालत विचारलं.

"आप्पांची राजदूत होती ना," ती म्हणाली आणि आत गेली. ती जुनी मोटारसायकल मला माहीत होती. भिमाजीमामांच्या गोठ्यात गंजत पडलेली मी पाहिली होती. ती कोण चालवायचं, हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात उपद्व्यापी दिवस. आखाजी जवळ येत होती आणि मी उत्साहाच्या भरात मामांना फोन करून बसलो होतो, "या वेळी मोटारसायकलवर येतोय, मोठ्या." मामा म्हणाले, "या, या. बाज तयार शे." आता माघार घेतली तर पुढची वीस वर्षं पुरेल एवढा नवा मजकूर मामांच्या हाती लागणार होता.

मी सीटचा फोम कापून घेतला. त्याने गाडी एक बोटभर खाली आली आणि बसायला लाकडी बाक झाला. चांभाराकडून बुटांना जाड तळवे लावून घेतले. ते बूट घालून चाललो तर दुकानातल्या बायका म्हणाल्या, पायाला काही लागलंय का भाऊ? गाडी चालायला लागली की मला छान चालवता यायची, हे मात्र सांगितलं पाहिजे. प्रश्न फक्त थांबण्याचा होता. कठडा, दुभाजक, रस्त्याकडेचा दगड, काहीतरी उंच हाताशी असल्याशिवाय मी थांबू शकत नव्हतो. जेहान सर्कलला लाल दिवा लागला की मी आधी रस्त्याची कड न्याहाळायचो. एकदा कडेला टेकायला जागा दिसेना, तेव्हा मी डावीकडे वळलो, मग पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि दिवा हिरवा होईपर्यंत आजूबाजूच्या कॉलन्यांमधून फिरत राहिलो. तिथल्या एका वॉचमनने मला तिसऱ्यांदा पाहून सलाम केला. त्याला वाटलं, मी फ्लॅट बघतोय.

घरी येतानाची तऱ्हा तर विचारूच नका. गल्लीच्या तोंडापासूनच मी ओरडायला लागायचो, "योगिनीऽ, धर!" हातातली पोळी तव्यावर टाकून ती बाहेर यायची आणि सुटलेलं वासरू धरावं तसं हँडल धरायची. मी उतरायचो. मग ती गाडी ढकलत आत लावायची आणि मी तिच्या मागे हेल्मेट काढत, फार लांबून आल्यासारखा चालायचो.

रोहितने उपाय काढला. तो गाडी सटाण्याच्या वेशीपर्यंत नेणार, तिथे मी पुढे बसणार आणि तो एसटीने परत येणार. मला तो उपाय बरा वाटला होता, यावरून माझी दशा ओळखा.

दरम्यान मी रहेमानभाईंच्या ताग्यातून दोन जाकिटं कापायला घेतली होती. निदान कपडे तरी रायडरचे हवेत. माझं झालं, मग योगिनीला दुकानात बोलावलं. तशी तिची मापं मला पाठ आहेत, वीस वर्षं तिचे ड्रेस मीच शिवतो. पण जाड कापड आहे, पुन्हा घेतलेलं बरं, म्हणून मी स्टुलावर चढलो आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीला टेप लावला.

माप दोन इंच जास्त आलं.

मी टेप झटकला आणि परत लावला. दोन इंच जास्तच. टेप ताणला गेला असेल म्हणून दुसरा काढला. तोही तेच सांगायला लागला. "श्वास घेतलायस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग हलू नकोस. माप चुकतंय. या वयात कोणी वाढत नाही."

"चुकत नाहीये," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आज ताठ उभी आहे."

मी स्टुलावरच होतो. आमची तोंडं समोरासमोर होती, असं फार वेळा होत नाही.

"मग रोज कशी उभी असतेस?"

"वाकून. तुम्ही बघायला यायच्या आधी आप्पा म्हणाले होते, पोरी, जरा वाकून चाल आणि राजदूतचं काही बोलू नको. दोन ठिकाणी नकार आला होता ना, उंच आहे आणि गाडी फिरवते म्हणून. मग तुमच्याशी ठरलं. मग तुमच्या शेजारी उभं राहायचं असायचं, फोटो असायचे. सवयच झाली." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जरा वेळाने तिने विचारलं, "अहो, गाडी मी चालवू का? लायसन आहे माझं गिअरचं. तुम्ही मागे बसा. रोहितला कशाला त्रास?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा रागच आला. माझी गाडी, माझी आखाजी, माझं वीस वर्षांचं उट्टं, आणि मी मागे बसून जायचं? बायकोच्या मागे? गाव काय म्हणेल? मग वाटलं, गाव आखूड तर म्हणतंच, त्याच्या पलीकडे आणखी काय म्हणणार आहे? आणि मग मी तिला वळायला सांगून तिची पाठ पुन्हा पाहिली. चाळीस पोरांना मी रोज "ताठ उभा राहा रे" म्हणून ओरडतो, माप चुकतं म्हणून. घरात कधी ओरडलो नाही. फार वाईट वाटलं मला. मी नवं माप घेतलं आणि जाकीट त्याच मापाने कापलं.

आखाजीला उजाडताच निघालो. योगिनी पुढे, मी मागे, पाठीवर सॅक, सॅकमध्ये मामांसाठी धोतरजोडी. पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेलं. पहिल्यांदा ती जपून चालवत होती, मग हात बसला. कांद्याचे ट्रॅक्टर ती असे मागे टाकत होती की मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेत होतो. ट्रॅक्टरवाले आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. एकाने मला हात केला. मीही केला. मागे बसलेल्या माणसाला हात करायला मोकळीक असते.

भावडबारीच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि रांग लागली होती. योगिनीने ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय खाली टेकवले. अख्खे तळवे, टाचांसकट. मी वाकून पाहिलं. किती सोपं होतं! मी एवढे दिवस कठडे शोधत फिरत होतो आणि ही नुसती पाय खाली सोडून उभी होती, माझ्यासकट. सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्हींत हेवा पुढे होता.

देवळ्याला चहा झाला. चहाच्या टपरीवर ती शाळेतल्या पोरीसारखी बोलत होती. राजदूतवर डबा घेऊन मार्केटला कशी जायची, गिअर अडकला की दांड्याला लाथ कशी घालायची, एकदा आप्पांना मागे बसवून डॉक्टरकडे कसं नेलं होतं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि मधे मधे "हो का?" म्हणत होतो.

सटाणा ओलांडून तिच्या गावचा फाटा आला, तशी तिने गाडी ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याला लावली. मोरीचा कठडा चांगला रुंद आणि उंच होता. माझ्या डोळ्यांना आता कठड्यांची पारख झाली होती, हा उत्तम कठडा होता.

"आता तुम्ही पुढे बसा," ती म्हणाली.

"का?"

"घर आलं. इथून सरळ रस्ता आहे, वळण नाही. आपल्या ओट्याला लावा, ओटा उंच आहे. पाय टेकेल. कोणाला कळायचं नाही."

तिने सगळा विचार करून ठेवला होता. कुठे बसायचं, कुठे टेकायचं. मला हवं होतं ते सगळं तिथे तयार होतं. फाट्यापासून घरापर्यंत मी पुढे, ती मागे, मामा ओट्यावर, मान वर. मी कठड्यावर पाय ठेवून खाली उतरलोसुद्धा. हेल्मेटची काच पुसली, मिशांवरून हात फिरवला.

योगिनी उतरली. हेल्मेट काढून डोक्यावरून ओढणी घेतली, ती नीट केली, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उभी राहताना तिचे खांदे पुढे आले, मान जराशी खाली गेली आणि नवं जाकीट पाठीवर ढिलं पडलं. कंबरेपाशी त्याला चुणी पडली. शिंप्याच्या डोळ्याला दुसरं काही दिसत नाही. माप दोन इंचांनी कमी झालं होतं.

"नको," मी म्हणालो. "तूच चालव."

"अहो, आप्पा काहीतरी बोलतील."

"बोलू दे. जाकीट खराब दिसतंय. बस पुढे."

हा माझा फार मोठा त्याग होता असं कोणी समजू नका. त्या ओट्यापुढे शेण आणि पाण्याने कायम घसरडं असतं, आणि हार गळ्यात येऊन पडायची हौस माझी एकदा फिटली होती. पण निम्म्याहून जास्त ते जाकिटामुळे होतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

गावात शिरलो. निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणींची गर्दी होती. आधी आवाज थांबला, मग एक झोका थांबला, मग कोणीतरी ओरडलं, "योगी वं! योगी शे ती!" आणि सगळ्या पोरीबाया रस्त्यावर आल्या. योगिनीने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. सरळ ओट्यापुढे नेली आणि शेणपाण्यात दोन्ही पाय घट्ट टेकवून उभी राहिली.

भिमाजीमामा ओट्यावर होते. हातात पानाची चंची. त्यांनी मान वर करून पाहिलं. वीस वर्षं मी ज्याची वाट बघितली होती, ते अगदी तसंच झालं, फक्त ते माझ्याकडे बघत नव्हते. मी मागे, सॅकच्या ओझ्याने वाकलेला, उतरायला दगड शोधत होतो.

मी कसाबसा उतरलो, मग योगिनी खाली उतरली. हेल्मेट काढलं आणि बापापुढे उभी राहिली. ताठ. मामांनी ओट्यावर बसूनच तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता येतंय ते वाक्य. मी तोंड हसरं करून तयार राहिलो.

पण ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "पाव्हना," ते म्हणाले, "मनी पोर उंच व्हयनी."

"उंच झाली नाही, मामा," मी म्हणालो. "दुमड घातलेली होती. ती सोडली."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पँटची दुमड माहीत होती. आणि ही दुमड कोणी घातली होती तेही माहीत होतं. त्यांनी चंची बाजूला ठेवली, धोतराने डोळे पुसले आणि भिंतीला धरून उठले.

"माले बी बसाड मांगे," ते लेकीला म्हणाले. "मळापर्यंत चाल. कांदा दाखाडस तुले."

योगिनी परत पुढे बसली आणि ओट्यावरून टांग टाकून ते मागे बसले. बसताना त्यांनी योगिनीच्या खांद्याला धरलं आणि धरूनच ठेवलं. गाडी मळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागली. ती गाडी ज्या रस्त्यासाठी बनवलीय त्यावर ती पहिल्यांदाच जात होती. धूळ उडाली, मामांचं उपरणं मागे फडफडलं, झोक्यावरच्या बायका बघत राहिल्या.

सासूबाई आमरसाची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसा ना, पाव्हनं."

मी बाजेवर चढून बसलो. पाय लोंबत होते. दर आखाजीला मी ते एकमेकांत अडकवून बाजेखाली दडवायचो. आज तसेच सोडले आणि हलवत बसलो.